दाबासर गाडी बघतात

गावातल्या निम्म्या माणसांना गाडी चालवायला मी शिकवलं आहे, हे मी कुणी न विचारताच सांगतो. तेवीस वर्षं माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे रस्त्याला लागून एक खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, एक टेबल आणि बाहेर उभी एक गाडी. या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक आहे, आणि तेवीस वर्षं मी त्याच सीटवर बसून आहे. शिकणाऱ्याला मी "दाबा, दाबा" असं ओरडतो आणि त्याने दाबायच्या आत स्वतःच दाबून मोकळा होतो. त्यावरून लोक मला दाबासर म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण मला ऐकू चांगलं येतं.

एवढा मी जाणकार, आणि घरची गाडी मात्र अठरा वर्षांची. तिची मागची काच पकडीने वर घ्यावी लागे, तिसरा गिअर आपल्या मनाने सुटून येई, आणि सकाळी ती सुरू व्हायला एवढा वेळ लावी की पायी निघालेला शेजारी तोवर कामावर पोचलेला असे. मला त्याचं काही वाटत नसे, कारण मला कुठेच लांब जायचं नव्हतं.

लांब जायचं होतं ते बायकोला. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये सोळा वर्षं काम करते. लॅबची नवी शाखा गावाबाहेर एकवीस किलोमीटरवर निघणार होती आणि तिथली प्रमुख म्हणून हिला विचारलं होतं. पगार वाढणार होता, हाताखाली चार माणसं येणार होती. अडचण अशी की सकाळी साडेसातला तिकडे जाणारी बसच नाही. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं, आणि हो म्हणायचं तर भरवशाची गाडी हवी होती. नवी घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं. तिने आपली ठेव मोडली आणि तेवढ्यात बसेल अशी वापरलेली गाडी बघायचं ठरलं. नोकरी तिची, पैसे तिचे, गाडी तिची. माझी फक्त अक्कल, आणि ती पाजळायला मी कंबर कसून पुढे झालो.

वापरलेली गाडी कशी बघावी यावर मी तासभर बोलू शकतो. जेवताना दोनदा बोललोही. मालकाकडे गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर समजायचं की आपण यायच्या आत त्याने इंजिन चालू करून ठेवलं होतं, म्हणजे थंड इंजिन काहीतरी तक्रार करतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा. टोकाला चिखलाचा डाग असला तर गाडी कधीतरी पाण्यात बुडालेली. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांवरून फिरवायचं. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुटी, भरलेली असते. आणि मीटरवरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता पेडलची रबरं बघायची. माणूस खोटं बोलतो, रबर बोलत नाही. हे वाक्य माझं स्वतःचं आहे आणि मला ते फार आवडतं.

पहिली गाडी बॉनेटवरून बाद झाली. दुसरीचा मीटर कमी आणि रबरं कोरी करकरीत, म्हणजे नुकतीच बदललेली. तिसरीच्या सीटबेल्टवर चिखल. इथवर मी छाती पुढे काढून घरी आलो. चौथ्या गाडीत काहीच सापडेना. मी वाकलो, खाली आडवा झालो, शर्टाला तेल लावून घेतलं, तरी सापडेना. शेवटी तिचा हॉर्न रडका आहे असं म्हणून नाकारली. पाचवीचा रंग लवकर उडेल असं मला वाटलं. सातवीचा मालक जरा जास्तच गोड बोलत होता. नववीचं काय होतं ते आता आठवतही नाही. मुलगी कॉलेजात आहे, तिने फ्रिजवर कागद लावून प्रत्येक गाडीपुढे नाकारल्याचं कारण लिहायला सुरुवात केली होती. नववीपुढे तिने "बाबा" एवढंच लिहिलं.

प्रत्येक गाडी मीच चालवून बघत होतो. ही मागे बसायची, मांडीवर पर्स घेऊन, पाहुण्यासारखी. मुलीने एकदा विचारलं की आई कधी चालवून बघणार. आधी गाडी तर ठरू दे, असं मी म्हटलं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

अकरावी गाडी नाकारून आलो त्या संध्याकाळी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. मी टायरच्या झिजेवर बोलत होतो. तिने माझाच एक शर्ट हातात धरून मला थांबवलं.

"अहो, खरं सांगा. खोट गाड्यांमध्ये आहे की माझ्यात?"

टायरवर मला पुष्कळ सांगता आलं असतं.

नऊ वर्षांपूर्वी मी तिला अकरा दिवस शिकवलं होतं, याच दोन ब्रेकच्या गाडीत. तिने ब्रेककडे पाय न्यायच्या आत माझा पाय पोचलेला असे. त्यामुळे तिचा ब्रेक वेळेवर लागतो की नाही हे तिलाही कधी कळलं नाही आणि मलाही नाही. बाराव्या दिवशी उड्डाणपुलाच्या चढावर वाहनं तुंबली होती. तिने क्लच सोडला आणि गाडी हातभर मागे सरकली. मागच्याने हॉर्न वाजवला. माझा पारा चढला आणि मी म्हणालो, "खाली उतर. तुला या जन्मात जमणार नाही." ती खरंच उतरली. पुलाच्या कडेने चालत घरी गेली. मी गाडी घेऊन तिच्या आधी पोचलो आणि स्वयंपाकघरात उगाच भांडी आवरत बसलो. माफी मागायची पद्धत मला शिकवता येत नाही, कारण ती मलाच कधी आली नाही.

त्यानंतर तीन महिन्यांनी टपालाने तिचं लायसन्स आलं. समोरच्या फुटपाथवर दुसरं ड्रायव्हिंग स्कूल आहे, तिथे पूर्ण फी भरून ती शिकली होती. दाबासरांच्या बायकोचं लायसन्स समोरच्या दुकानातून. त्या स्कूलचा मालक अजूनही मला बघून आदराने मान लववतो, आणि ती मान लववणं मला शिवीपेक्षा जास्त लागतं. लायसन्स कपाटात गेलं. घरच्या गाडीची किल्ली माझ्या खिशात राहिली.

त्या शर्टाच्या प्रश्नानंतर तिसऱ्या दिवशी मी एका केमिस्टला शिकवत होतो. सिग्नलला थांबलो. शेजारी समोरच्या स्कूलची गाडी येऊन उभी राहिली. सहज बघितलं तर स्टिअरिंगवर माझी बायको. दोन्ही हात जागेवर, नजर सिग्नलवर. तिने मला पाहिलं नसावं असं मी मनाला समजावलं, पण तिच्या शेजारी बसलेल्या मास्तराने मान लववली. हिरवा दिवा लागला आणि ती निघून गेली. केमिस्ट पेट्रोल देत होता आणि गाडी हलत नव्हती. सर, काही बिघडलं का, असं त्याने विचारलं. माझा पाय ब्रेकवर होता.

महिना संपायला चार दिवस होते.

बारावी गाडी तिने स्वतः शोधली. गणिताच्या एक निवृत्त बाई तिच्याकडे दर तीन महिन्यांनी साखर तपासायला येत. नजर कमी झाली म्हणून त्यांनी गाडी विकायला काढली होती. आम्ही गेलो तर दार उघडणाऱ्या बाईंना मी ओळखलं. पंधरा वर्षांपूर्वी त्या माझ्याकडे शिकल्या होत्या.

माझी तपासणी सुरू झाली. बॉनेट थंड. सीटबेल्ट स्वच्छ. लोहचुंबक सगळीकडे चिकटलं. सर्व्हिसिंगची बिलं तारखेप्रमाणे लावून फाइलमध्ये. किंमत ठेवीच्या आत. मी घामाघूम झालो. शेवटी क्लचचं रबर एका बाजूने फार झिजलेलं दिसलं आणि माझ्या जिवात जीव आला. क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवता वाटतं, असं मी बाईंना जरा वरच्या पट्टीत विचारलं.

"तुम्हीच शिकवलंत," बाई म्हणाल्या. "दाबा, दाबा."

बायकोने तोंड दुसरीकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

मी चालवून बघतो म्हणून किल्लीसाठी हात पुढे केला. बाईंनी किल्ली माझ्या हातावरून पलीकडे नेऊन बायकोला दिली. जी चालवणार तिनेच बघायची, असं त्यांचं म्हणणं. मग मी सवयीने शेजारच्या सीटकडे वळलो, तर तिथे बाई बसल्या होत्या. वर्गात शेवटच्या बाकावर पाठवावं तसं त्यांनी मला बोटाने मागची सीट दाखवली.

मागच्या सीटवरून रस्ता फार वेगळा दिसतो. काही हाताशी नसतं आणि पायाशी तर नसतंच. पहिल्या दोन वळणांवर माझा पाय जमीन शोधत राहिला, बाईंच्या सीटला दोन लाथा बसल्या, बाईंनी मागे वळून बघितलं. तेव्हा मी बूट काढले आणि सीटवर चक्क मांडी घालून बसलो. पन्नाशीचा माणूस, गावातल्या निम्म्या लोकांचा गुरू. पण पाय बंद झाल्यावर डोळे मोकळे झाले. ती आरशात बघत होती, वेळेवर बघत होती. समोरची रिक्षा अचानक थांबली तर ही तिच्यामागे अंतर ठेवून सावकाश थांबली. ब्रेक कुणाच्याही मदतीशिवाय लागला होता.

बाई म्हणाल्या, पुलावरून घ्या. चढावर वाहनं तुंबलेली होतीच. ती थांबली. हँडब्रेक ओढला. मागे एक टेम्पो येऊन चिकटला आणि त्याने हॉर्न वाजवला. मला तिचे डोळे आरशात दिसत होते आणि ते माझ्याकडे नव्हते. पुढची गाडी हलली. तिने क्लच थोडा सोडला, इंजिनाचा आवाज बदलायची वाट पाहिली, मग हँडब्रेक खाली केला. गाडी पुढे गेली. मागे काडीभरही आली नाही.

गाडी पूल उतरली. बाई समोर बसल्या होत्या, तरी मला थांबवेना.

"त्या दिवशी मी चुकलो," मी म्हणालो. "गाडी हातभरच तर मागे गेली होती. मी तसं बोलायला नको होतं."

तिने गिअर बदलला.

"हातभर नाही," ती म्हणाली. "वीतभर."

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. वीत आणि हात यांतला फरक त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळत असणार. मी मांडी तशीच ठेवली. नऊ वर्षं ती ते अंतर बरोबर मापून होती आणि मी माझ्या सोयीने वाढवून, हे मला त्या सीटवर कळलं आणि फार लाज वाटली.

गाडी तिथेच ठरली. हिने दुसऱ्या दिवशी लॅबला हो कळवलं. मुलीने फ्रिजवरच्या कागदावर बाराव्या गाडीपुढे "आई" लिहिलं आणि कागद काढून टाकला.

शाखा सुरू झाली त्या सोमवारी ती पावणेसातला निघाली. मी फाटकाशी उभा राहून तिला सूचना दिल्या, किती दिल्या ते सांगत नाही. शेवटची सूचना अशी की पोचल्या पोचल्या फोन कर. तिने मान हलवली आणि गेली.

साडेसातला फोन आला नाही. आठला नाही. नऊला एका शिंप्याची शिकवणी होती. त्याच्या हातातली गाडी कुठे चालली आहे याकडे माझं लक्ष नव्हतं आणि तो बिचारा सरळ चालवत होता. दहा वाजले. एकवीस किलोमीटरमध्ये काय काय होऊ शकतं याची माझ्याकडे तेवीस वर्षांची यादी आहे, ती मी पहिल्यापासून म्हणून काढली. अकराच्या शिकणाऱ्याला गाडी कडेला घ्यायला लावून मीच फोन केला. तिने सातव्या घंटीला उचलला.

"अहो, मी केव्हाच पोचले," ती म्हणाली. "सकाळपासून नमुने यायला लागलेत, डोकं वर काढायला वेळ नाही. काय झालं, घरी काही झालंय का?"

काही नाही, सहज केला, असं मी म्हटलं. तिने बरं म्हणून फोन ठेवला. फोन करायचं ती विसरली होती. एकट्याने गाडी घेऊन जाणं तिला कुणाला कळवण्यासारखं वाटलंच नव्हतं. मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. खरं सांगायचं तर पहिली दहा मिनिटं वाईटच जास्त वाटलं.

त्या दिवशी मी सात जणांना शिकवलं आणि एकावरही ओरडलो नाही. आठव्यावर मात्र ओरडलो.