काळ्या वाळूत कवळी

माझी कवळी समुद्रात पडली असं गावात म्हणतात, ते चूक आहे. मी ती हातात धरून धूत होतो आणि लाट मध्ये आली. खाऱ्या पाण्याच्या गुळण्यांनी हिरड्या घट्ट होतात, हे मी दातांच्या डॉक्टरला तोंडावर सांगितलेलं आहे. गुळण्या करायच्या तर कवळी काढावी लागते. चौथीत शाळा सोडली, तरी एवढं मला कळतं.

वरच्या दातांची कवळी, टाळूला धातूचा पत्रा. नवी करायची तर डॉक्टर माप घेणार, पुन्हा बोलावणार, पुन्हा घासणार. आणि रविवारी देवळात बैठक. आमच्या वाड्यांच्या मधोमध बावखल आहे, केळी-माडांना पाणी पुरवणारं जुनं तळं. त्यावर स्लॅब टाकून गाड्या उभ्या करायच्या, असा ठराव येणार होता. उघड विरोध करणारा मी एकटा. नाक्यावर सगळ्यांना सांगून बसलो होतो की उभा राहून एकेकाला गप्प करतो. आता तोंडातून 'स' निघेना.

घरात म्हणून पाहिलं, "स्लॅब नको." निघालं, "थ्लॅब नको."

बायको पदरात तोंड घालून म्हणाली, "अहो, पुन्हा एकदा म्हणा."

"थांब," म्हटलं मी. ते मात्र बरोबर आलं.

पुतण्या वालीवला कारखान्यात आहे. त्याच्या मित्राकडे जमिनीतला धातू शोधायचं यंत्र होतं. ते तो शनिवारी घेऊन आला. लांब काठी, खाली ताटासारखी चकती, वर छोटा पडदा. अंगणात चालवलं तर जास्वंदीखाली आमचा हरवलेला कोयता वाजला. मी खूश. ओहोटी बघून किनाऱ्यावर गेलो. बायकोही निघाली, हातात पिशवी आणि पाण्याची बाटली. मदतीला नाही, गंमत बघायला.

वाळूवर धरल्याबरोबर यंत्र किंचाळायला लागलं. इकडे धर, तिकडे धर, सगळीकडे तेच. आमची वाळू काळी. लहानपणी मोडक्या रेडिओतलं चुंबक दोरीला बांधून ओढायचो, तर त्याला मिशा यायच्या, इतका लोखंडाचा चुरा तिच्यात. पुतण्याने यंत्राची ताकद कमी केली. अजून केली. शेवटी यंत्र गप्प. मी माझं घड्याळ वाळूत पुरलं आणि त्यावरून ताट फिरवायला लावलं. तरी गप्प.

"याला आता रेल्वेचा रूळ पण थापडायचा नाही," मी म्हणालो.

पुतण्याने मोबाइलमध्ये वाचलं. "काका, याला आधी जमीन ओळखायला शिकवायचं. ताकद परत वाढवायची, धातू नाही अशा जागी ताट वरखाली करायचं. आवाज सपाट झाला की यंत्र वाळूकडे लक्ष देत नाही."

"मग वर चला, सुक्या वाळूत शिकवू," असंही म्हणाला. मी म्हटलं, दात ओल्यात पडले, शिकवायचं तर ओल्यातच. खरं कारण माझे गुडघे. पण निघालं बरोबर. ताट हापशासारखं हलवलं, बटण थोडं इकडे, थोडं तिकडे, आणि ओरडणं थांबलं. घड्याळ लगेच वाजलं.

मग फिर फिर फिरलो. एक नाणं मिळालं, बाकी काही नाही. भरती सुरू झाली.

"यात अजून काही बंद आहे का?" मी विचारलं.

"मघाशीच कचरा बंद केलाय ना, काका. लोखंड, पत्रा, बाटल्यांची झाकणं. सोनं-चांदी असेल तरच वाजणार."

"आणि माझी कवळी?"

त्याने पडद्याकडे बघितलं, मग समुद्राकडे. "ती कचऱ्यात जाते."

बायको वाळूत बसलीच. हसणं संपल्यावर म्हणाली, "मी इतकी वर्षं काय सांगतेय?"

मी कचरा चालू करायला लावला. आता पावलोपावली वाजायला लागलं. झाकणं, केसांचे आकडे, खिळे, मोडका चमचा. बायको पिशवीत भरत होती. "दुसऱ्या कुणाची मिळाली तर घालून बघा हो. बसली तर बसली."

पाणी घोट्याला लागलं तेव्हा एक बारीक, रडका आवाज आला. मी हात घातला. वाळूतून माझे दात मलाच हसत होते. धुवायला समुद्राकडे वळलो, तर बायकोने मनगट धरलं. बाटलीचं पाणी तिने स्वतः ओतलं, कवळी माझ्या हातात दिली नाही. तिनेच तोंडात बसवली.

रविवारी देवळात कवळी गेल्याची बातमी आधीच पोचली होती, मिळाल्याची नाही. ठराव मांडणारा माझाच चुलतभाऊ. गोड आवाजात म्हणाला, "दादा, स्लॅबबद्दल काही बोलणार?"

पुढची रांग माना खाली घालून हसत होती. मी तोंडाला रुमाल लावून बसून राहिलो. चांगलं मनसोक्त हसू दिलं. मग उठलो.

"सगळ्यांनी सावकाश ऐका. स्लॅब सरसकट नको. बावखल सुकलं की सगळ्यांच्या विहिरी सुकणार. सुरुवात ठराव मांडणाऱ्याच्या विहिरीपासून, तीच सगळ्यात जवळ."

एकेक 'स' कुकरच्या शिट्टीसारखा निघाला. कुणी हसलं नाही. चुलतभाऊ खाली बसला, ठराव मागे घेतला. बावखल अजून उघडं आहे.

दादांचा चेहरा बघून चुलतभावाला घाम फुटला, असं लोक अजून सांगतात. चेहरा तसा होणारच. टाळूच्या पत्र्याखाली काळ्या वाळूचा एक खडा राहिला होता, आणि तो अख्खी बैठक टोचत होता.