निकाली फाइल उघडणारे काका

मूल्यमापन या शब्दाची धास्ती घालवणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच असावा, आणि नशिबानं तोच आमच्या मूल्यमापनाला आला.

आम्ही म्हणजे एक वकीलबाई आणि मी समाजसेवक. अनाथ, निराधार मुलांची प्रकरणं जोडीनं लढवायची. कोर्टाचं त्यांनी बघायचं, घरादाराचं मी. याचा मुलांना कितपत उपयोग होतो, हे तपासायला कोर्टातून निवृत्त झालेले हे काका नेमले होते. आम्ही फाइली, तक्ते, गार पाणी, सगळं मांडून ठेवलं. काकांनी पाणी तेवढं घेतलं आणि एसटी स्टँडकडे निघाले. जीप आहे म्हटलं, तर म्हणाले, "जीपनं गेलं का लोक कागद काढतात. एसटीनं गेलं का चहा ठेवतात." आणि खरोखरच घाटंजीच्या बाजारात एका मुलाच्या आजीशी ते तासभर फक्त भाजीच्या भावावर बोलले, प्रकरणाची माहिती आजीनं आपण होऊन दिली. मोत्यासारख्या अक्षरात भरलेल्या त्यांच्या तक्त्यात 'मुलाचे समाधान' या रकान्यात आकडा नसायचा. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'पोरगी पलंगाखाली लपली. कुत्रं ओळखीचं झालं. पुन्हा जाणे.'

आमचं सगळ्यात अभिमानाचं प्रकरण दोन अनाथ बहिणींचं होतं. धाकटी राळेगावकडं मामाच्या घरी, थोरली यवतमाळच्या बालगृहात, दोघी सुरक्षित. फाइलवर 'निकाली'. काका बालगृहात गेले, थोरलीशेजारी ओट्यावर बसले आणि विचारलं, "वकीलबाईले काही विचाराचं राह्यलं काय तुह्यं?"

बराच वेळ ती फ्रॉकची शिवण उसवत राहिली. मग म्हणाली, "माही बहीण कोठी हाय, हे कोणी सांगतलं नाई."

संध्याकाळी काकांनी 'निकाली'वर रेघ मारली. वकीलबाई लाल झाल्या. "कायद्यानं सगळं बरोबर झालंय, काका."

"झालं ना. पण पोरीले इचारलं काय, बाई?"

दोन दिवस बाई माझ्याशीही धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आपणच म्हणाल्या, "चला राळेगावला." एसटीनं गेलो. मामीनं चहा ठेवला. थोरलीचा विषय काढताच ती म्हणाली, "आमाले एकच पोरगी देल्ली. दुसरीचं कोणी इचारलंच नाई. दोघीबी राह्यल्या असत्या." मला मान वर करवेना, घरादाराचं बघायचं काम माझं होतं. बाईंनी बाल कल्याण समितीपुढं नवा अर्ज ठेवला आणि महिन्याभरात थोरली मामाकडं जायला निघाली. धाकटी मामाबरोबर तिला न्यायला आली होती.

काकांचं काम तोवर संपलं होतं. ते मुलाकडं नागपूरला गेले होते. मी स्टँडवरूनच फोन लावला. आदेशाचा मजकूर त्यांनी विचारलाच नाही. "गाडीत बसल्यावर काय केलं पोरींनी?"

"खिडकीसाठी भांडल्या, काका."

ते हसले. एवढ्यात गाडी सुटली. मी फोन पोरींच्या खिडकीकडं धरला, पण इंजिनाच्या आवाजात पोरींचं भांडण त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.