पिंजऱ्यांची पंगत

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी डोंबिवलीहून ठाण्याला, घोडबंदर रोडवरच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला जायचे. आमच्या सरांनी एक औषध बनवलं होतं. बाकी शरीराला फारसा धक्का न लावता ते फक्त यकृताच्या कॅन्सरवर नेम धरेल, गाठ वाढू देणार नाही आणि फुप्फुसात पसरू देणार नाही, असा त्यांचा दावा. ते तपासायला गाठी असलेल्या उंदरांच्या पिंजऱ्यांच्या दोन रांगा लावल्या होत्या. एका रांगेच्या बाटल्यांत औषधाचं पाणी, दुसरीच्या साधं. फरक दिसला नाही तर सरांचं काम बंद, असं वरून बजावलेलं.

फरक दिसला नाही. दोन्हीकडच्या गाठी सारख्याच. सर माझ्यावर खेकसले, मी घरी येऊन आईवर खेकसले. माशी कुठे शिंकली ते कुणालाच कळेना.

एका सकाळी मी लवकर पोचले. पिंजरे सांभाळणाऱ्या मावशी बाटल्या भरत होत्या. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या, माझ्या आईच्या वयाच्या. त्यांनी औषधाचं पाणी बादलीत ओतलं, साधंही त्याच बादलीत ओतलं, ढवळलं आणि सगळ्या बाटल्या त्यातूनच भरल्या.

"मावशी, हे काय करताय?"

"अगं, सगली एकाच पंगतीला बसलीत. अर्ध्यांना औषध नि अर्ध्यांना नुसतं पानी? असं कुनी वाढतं का? पाप लागतं, बाय."

मी रागानं बादली ओढून घेतली. पण पंक्तिप्रपंच करू नये, हे मलाही आईनं चापट मारूनच शिकवलेलं.

सरांनी कपाळाला हात लावला. मग वरच्यांच्या हातापाया पडून मुदत मिळवली, नवे उंदीर आणले. मावशी म्हणाल्या, झाडीन, पुशीन, पण पाणी मी वाढणार नाही. ते काम माझ्याकडे आलं.

औषधाच्या रांगेतले उंदीर हुंदडत राहिले. साध्या पाण्याचे आधी कोपऱ्यात गोळा होऊन बसू लागले, मग मरू लागले. छाती उघडली तर फुप्फुसं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली. मी ट्रे घेऊन सरांच्या खोलीकडे पळाले.

"सर, मेले. आपले साध्या पाण्याचे मेले."

दारात मावशी झाडू घेऊन उभ्या होत्या. मी हसत होते, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं.