दुसऱ्या चिठ्ठीचं मी विचारलं नाही

नागपूरला मिहानमधल्या त्या कॉम्प्युटरच्या ऑफिसात मी साडेतीन वर्षं चहा केला. तिथली माणसं मला आवडत नव्हती. त्यांनी मला कधी शिवी दिली नाही, कोणी अंगावर ओरडलं नाही, तरी आवडत नव्हती. पंख्यासमोर बोलावं तशी ती माझ्यासमोर बोलायची.

मी बोलत नाही, ही सवय लहानपणाची. चौथीनंतरची शाळा दुसऱ्या गावात होती. बापाने विचारलं, "जातं का?" मी मान खाली घातली. त्याने ते नाही धरलं आणि विषय संपला. सासरी आल्यावर मी एक शब्द शिकले, हो. हो म्हटलं की माणूस समोरून जातो.

पाचव्या मजल्यावर सहा जणांची एक टीम होती. त्यांचे मोठे साहेब, त्यांना सगळे सर म्हणत. आणि एक मॅडम, तिशीतली, सदरसारख्या चांगल्या वस्तीत वाढलेली. तोंडावर मी तिला तुम्ही म्हणत होते. या वहीत मात्र मी तिला 'ती' असंच लिहिते, इथे कोण बघायला येतं.

त्यांचं काम काय, ते दीड वर्ष रोज ऐकून मला थोडं कळलं. कॉम्प्युटरमध्ये एका वेळी पुष्कळ कामं चालतात. एका कामाने दुसऱ्याच्या जागेत हात घातला की घोळ होतो. घोळ होणार नाही हे चालवून बघायचं नाही, गणितासारखं आधीच सिद्ध करायचं. त्याच्या नियमांना ते सेपरेशन लॉजिक म्हणत. आणि सिद्ध केलेलं बरोबर की चूक हे तपासायला माणूस नव्हता, एक प्रोग्रॅम होता, प्रूफ असिस्टंट. एक पायरी चुकली की लाल, सगळं जमलं की हिरवं. मॅडमने दोन वर्षं बसून त्या प्रोग्रॅममध्ये सगळ्या नियमांची चौकट उभी केली होती. बाहेरदेशी एक कंपनी ती घेणार होती. घेतली तर टीम राहणार, नाही घेतली तर टीम बंद आणि मॅडमची नोकरी जाणार. हे मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं, पंख्यांनाही.

मॅडमच्या टेबलावर प्लास्टिकचं पिवळं बदक होतं. मला वाटलं, भाच्याबिच्याचं असेल. एक दिवस पाहिलं तर ती त्या बदकाशी बोलत होती, मोठमोठ्याने, इंग्रजीत. नंतर कळलं की ही त्यांच्या धंद्यातली रीतच आहे. अडलं की कोणाला तरी पहिल्यापासून सांगायचं, सांगता सांगता आपली चूक आपल्याला सापडते. ऐकणाऱ्याला समजायची गरज नाही. म्हणून बदकही चालतं.

मग ती दुपारी तीन वाजता पँट्रीत, माझ्या चहाच्या खोलीत, यायला लागली. मी चहाचे मग धुवत असायचे.

"काकू, तुम्ही नुसतं ऐका. काही बोलायचं नाही. मधे मधे हो म्हणा फक्त."

"हो."

मग मांडून सांगायची. हा मग याचा, तो मग त्याचा. दोघं आपापल्या मगाशी काय वाटेल ते करोत, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. हे मला सांगायची गरज नव्हती. त्या मजल्यावर सरांचा मग दुसऱ्याच्या टेबलावर गेला तर काय होतं, ते मी भोगलं होतं. मी हो म्हणायचे. ती कधी अर्ध्यात थांबायची, "अरे यार!" म्हणायची आणि पळत जागेवर जायची. चहा तसाच राहायचा.

संडास-बाथरूम बघणारी एक बाई होती, माझ्याच वयाची. ती म्हणायची, "काहून वं, इंजिनियर झाली का तू? आमाले बी शिकव ना."

मी गालात हसायचे. खोटं कशाला लिहू, तेव्हा मला बरं वाटत होतं. कोणीतरी रोज येऊन माझ्याशी अर्धा तास बोलत होतं.

मग एकदा त्या बाहेरदेशच्या कंपनीचा माणूस आला. मी ट्रे घेऊन मॅडमच्या टेबलाजवळ उभी. त्याने माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं, चांगल्या तोंडाने. मॅडमने ते पिवळं बदक उचललं, मग माझ्याकडे बोट केलं आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाली. सगळे हसले. तोही हसला. सर तर टेबल बडवून हसले. मला इंग्रजी येत नाही, पण ते कळायला कशाला इंग्रजी लागतं? मी सगळ्यांना चहा दिला. ट्रेमध्ये एक थेंब सांडू दिला नाही, याचा मला अजून अभिमान आहे.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ती आली, जसं काही झालंच नाही. मी हो म्हणत राहिले. पण आता मी ऐकत होते. आधी नुसतं ऐकायचे, आता चूक शोधत होते. मनातल्या मनात म्हणायचे, पड एकदा तोंडावर.

काम पाठवायच्या आठवड्यात, मंगळवारी, ती साखरेचा डबा घेऊन बसली.

"हा डबा, काकू. रिकामा करायचा असेल तर तो पूर्ण एकाच्या ताब्यात पाहिजे. पण नुसतं आत बघायचं असेल तर दोघं-तिघं चालतात. मग मालक बघणाऱ्याला एक चिठ्ठी देतो. चिठ्ठी बाहेर आहे तोवर मालकानेही डब्याला हात लावायचा नाही. ऐकून राहिल्या ना?"

"हो."

तिने कागदी रुमालाचा तुकडा फाडला. "ही चिठ्ठी. ज्याच्याकडे चिठ्ठी आहे तो तिचे दोन तुकडे करून अजून एकाला देऊ शकतो. म्हणजे दोघं बघतील." एक तुकडा तिने सिंकजवळ ठेवला, एक मायक्रोवेव्हपाशी. "बघून झालं, चिठ्ठी परत." सिंकजवळचा तुकडा उचलून तिने डब्यात टाकला. "आता डबा पुन्हा मालकाचा. करा रिकामा. बरोबर?"

मायक्रोवेव्हपाशी दुसरा तुकडा तसाच पडला होता. मी त्याच्याकडेच बघत होते. तो बघणारा अजून डब्यात डोकावतो आहे आणि हा मालक डबा उपडा करून राहिला! चौथी शिकलेल्या बाईलाही हे दिसत होतं.

तेवढ्यात सर जेवणाचा डबा गरम करायला आले. त्यांनी आपला डबा बरोबर त्या तुकड्यावर ठेवला.

"काय, काकूंचं अप्रूव्हल चालू आहे का? अरे वा. घेऊन टाक त्यांची पण एक सही."

"सर, हा एकच नियम सिद्ध नाही केला अजून. सध्या मानून घेतला आहे. सिद्ध करायला महिना तरी लागेल."

"एवढी साधी गोष्ट आहे, मान ना यार. शुक्रवारी पाठवायचं आहे. काकू, तुम्हाला पटलं ना? बस, झालं मग!"

दोघंही माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हटलं.

मंगळवार ते शुक्रवार, तीन दिवस होते. ती तिन्ही दिवस आली. मला सरांची भीती होती, आणि तोंड उघडायची सवय नव्हती, हे खरं. पण एवढंच खरं नाही. बुधवारी सर सुट्टीवर होते. पँट्रीत ती आणि मी, दोघीच. डबा समोर. मी विचारू शकत होते, मॅडम, दुसरी चिठ्ठी कुठं गेली? पाच शब्द. मी नाही विचारलं. बदकं विचारत नाहीत.

शुक्रवारी त्यांनी पाठवलं. पडद्यावर सगळं हिरवं होतं. हिरवं होणारच, मानून घेतलेला नियम तो प्रोग्रॅम तपासत नाही, त्याच्या आधारावर बाकीचं तपासतो. समोसे आले. मी प्लेटा लावल्या.

बारा दिवसांनी तिकडून उत्तर आलं. तिकडच्या कोणीतरी दहा-अकरा ओळींचा छोटा प्रोग्रॅम लिहून पाठवला होता. एक जण डबा बघतो आहे, दुसरा तोच डबा रिकामा करतो, आणि आमच्या चौकटीत ते बरोबर म्हणून सिद्ध होत होतं. हिरवं. म्हणजे दोन वर्षांतलं कुठलंच हिरवं आता खरं धरता येत नव्हतं.

सर भर हॉलमध्ये उभं राहून बोलले. "दो साल! आणि तुला चिठ्ठ्या मोजता नाही आल्या?"

"सर, तुम्हीच म्हणाले होते, मानून घे."

"मेल में है क्या? दाखव."

मेलमध्ये नव्हतं. पँट्रीत होतं. ऐकणारी तिसरी मी होते, आणि मी ट्रे घेऊन भिंतीला लागून उभी होते. मॅडमने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी रिकामे मग गोळा करायला लागले.

सहा आठवड्यांची मुदत मिळाली. तेवढ्यात दुरुस्त केलं तर ठीक, नाही तर सगळं बंद.

त्या दिवशी ती तीनला नाही, पाचला आली. डोळे सुजलेले.

"काकू, त्या दिवशी तुम्ही दुसऱ्या तुकड्याकडे बघून राहिल्या होत्या."

मी ओटा पुसायला लागले.

"मला आज आठवलं. तुम्हाला समजलं होतं?"

मान खाली घालता आली असती. तिने त्याचं काय वाटेल ते धरलं असतं.

"समजलं होतं," मी म्हटलं.

"मग काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही नुसतं ऐका म्हटलं होतं. बदक काय सांगते?"

तिचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. माफी तिने मागितली नाही. मीही नाही मागितली. ती म्हणाली, "माझी नोकरी चालली आहे, काकू." मी म्हटलं, "तुमची चालली म्हणून तुम्हाले मी दिसले." हे वाक्य मी आयुष्यात कोणाला तोंडावर बोललेलं सगळ्यात मोठं वाक्य असेल. ते लागलं तिला. लागावं म्हणूनच बोलले होते.

दुसऱ्या दिवशी तीनला ती आली. डबा घेतला, कागद फाडला. प्रत्येक तुकड्यावर आता ती किती भाग बाहेर गेला ते लिहीत होती, अर्धा, पाव. सगळे भाग परत येऊन एक पूर्ण झाल्याशिवाय डबा रिकामा करायचा नाही. शेवटी माझ्याकडे बघत थांबली.

"नाही समजलं," मी म्हटलं.

तिने दात आवळले आणि पुन्हा सांगितलं.

"नाही समजलं."

त्या दिवशी मी तिला चार वेळा सांगायला लावलं. दोन वेळा मला खरंच समजलं नव्हतं. दोन वेळा समजलं होतं. तिलाही ते कळत असावं, पण कोणते दोन ते कळत नव्हतं, म्हणून तिला चारही वेळा सांगावं लागलं. चौथ्या वेळी पावाचे अजून दोन तुकडे करताना तिचा हात थांबला. कागदाकडे बघत राहिली. तुकड्याचा तुकडा कोणाकडे गेला याचा हिशेब तिच्या नव्या नियमातही सुटला होता. या वेळी "अरे यार" म्हणाली नाही. उठली आणि गेली.

पाच आठवड्यांनी ते झालं. एकही नियम मानून घेतलेला नव्हता, सगळे सिद्ध केलेले. कंपनीने घेतलं. सरांनी हॉलमध्ये सगळ्यांचे आभार मानले, गार्डचे सुद्धा. मॅडमची नोकरी राहिली, तिला वरच्या मजल्यावर वेगळी खोली मिळाली. जाताना तिने टेबल रिकामं केलं, पँट्रीच्या दारापर्यंत आली, मला बघितलं आणि परत फिरली. मीही हाक मारली नाही. वरच्या मजल्याचा चहा दुसरी बाई करायची. ती बाई मॅडमला काय म्हणायची, हो की नाही, मी कधी विचारलं नाही.