गुऱ्हाळाचा गोल फोटो

कोल्हापुरात लग्नाचे फोटो काढून पोट भरायचं तर कॅमेरा थोडा कमी कळला तरी चालतो, भाऊकी कळावी लागते. थोरल्या चुलत्याला एका फोटोत घेतलं आणि पुढच्यात विसरलं, की रुसवा थेट जेवणाच्या पंगतीपर्यंत पोचतो. म्हणून आमच्याकडं थोरली माणसं स्टेजवरच्या प्रत्येक फोटोत असतात. नवरा-नवरी दमून खाली बसतील, पण चुलता फेट्यासकट उभा! नव्वदच्या दशकात स्टुडिओ टाकल्यापासून मी हेच करत आलो होतो आणि यात आपल्याला कोण शिकवणार, असा माझा तोरा होता.

दोन हजार साल उलटलं, डिजिटल कॅमेरा आला, स्टुडिओत नेट आलं. नेटवर एक भलताच उद्योग सापडला. जगभरातले फोटोग्राफर वर्षातून काही वेळा, ठरलेल्या एकाच शनिवार-रविवारी, आपापल्या गावात गोल फोटो काढायचे आणि एका जागी टाकायचे. गोल म्हणजे कसा, तर तिवई मधोमध रोवायची, तिच्यावरचा कॅमेरा थोडा थोडा फिरवत चारी बाजूंचे फोटो घ्यायचे आणि ते कॉम्प्युटरवर एकमेकांना जोडायचे. मग बघणाऱ्यानं माऊस सरकवला की तो त्या जागी उभा राहून स्वतःभोवती फिरतोय असं वाटतं. कुठल्या कुठल्या देशातल्या माणसाचं अंगण मी असं फिरून बघितलं. पैसा एक मिळायचा नाही. बायको म्हणाली, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." मी ऐकलं नाही.

मार्चमधल्या फेरीचा विषय होता, माणसं जमतात ती जागा. मला दुसरं काही सुचलंच नाही. आमचं गुऱ्हाळ.

आमचं गुऱ्हाळ गावाबाहेर, डांबरी रस्त्याला लागून होतं आणि हेच त्याच्या मुळावर आलं. थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आबांनी, तिथं मंगल कार्यालय बांधायचं ठरवलं होतं. हा हंगाम शेवटचा. माझ्या वडिलांनी, आण्णांनी, सगळी हयात त्या चुलवाणापुढं काढलेली. पण थोरल्या भावापुढं तोंड उघडायची आमच्यात रीत नाही. "आबा म्हणतोय म्हंजे बरोबरच असंल की," एवढं बोलून ते चुलवाणात चिपाडं सारायला गेले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण मला कोण विचारतंय? मी शहरात जाऊन फोटो काढणारा. जागा वाचवणं माझ्या हातात नव्हतं, फोटो तेवढा होता. आणि हजारो लोकांचे फोटो काढलेल्या माझ्याकडं आण्णांचा गुऱ्हाळावरचा एकही फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्या गोल फोटोत आण्णा काहिलीशेजारी पाहिजेत, पुढं गुऱ्हाळाचं काय व्हायचं ते होवो, एवढंच माझं मागणं होतं.

रविवारी शेवटचं गाळप होतं. सकाळी मी तिवई लावली. काहिलीत रस उकळत होता, वाफ पत्र्यापर्यंत चढत होती. आण्णांना काहिलीच्या कडेला उभं केलं आणि म्हटलं, "इथनं हलायचं न्हाई." ते म्हणाले, "बरं."

पण गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला काकवी पाजल्याशिवाय सोडायचं नाही ही आमची पद्धत, आणि जगभर दिसणारा फोटो निघणार ही बातमी गावभर. अर्धं गाव लोटलं. प्रत्येकजण कॅमेऱ्यासमोर येऊन विचारणार, "पावणं कुठलं? परदेशातनं आल्यात व्हय?" मी समजावून सांगितलं की पावणं कुणी नाही, हा मीच, आणि सगळ्यांनी आपापल्या जागी खांबासारखं थांबा, कॅमेरा तुमच्याकडं येईल.

थांबतंय कोण! आबांना मी चरकाजवळ खुर्ची दिली होती. त्यांचा फोटो झाला आणि मी कॅमेरा पुढं वळवला, तर आबा खुर्ची उचलून पुढच्या बाजूला हजर. त्यांच्या हिशेबानं हा दुसरा फोटो, आणि दुसऱ्या फोटोत थोरला माणूस नको? मी म्हटलं, "आबा, हा एकच फोटो आहे." ते म्हणाले, "एक कसा? खट खट किती वेळा वाजलं!" मान त्यांचा, मी काय बोलणार? त्यांचं बघून बाकीचेही कॅमेऱ्याबरोबर फिरायला लागले.

इकडं उजेड बदलत होता, भिंगावर वाफ धरत होती. मी ती पुसत होतो, खटका दाबत होतो, दातओठ खात होतो. माझ्यामागं आण्णांचा आवाज चालू होता, "सरका रं तिकडं. पोराला काम करू द्या. कॅमेऱ्याम्होरं यीऊ नगासा." तो आवाज ऐकून मला धीर येत होता. शेवटी कॅमेरा काहिलीकडं वळला. समोर पांढरीफेक वाफ. त्या वाफेत आण्णा असणार असं धरून मी खटका दाबला.

एक साधा, सरळ, आण्णांचा एकट्याचा फोटो काढायला मला काय धाड भरली होती?

सोमवारी वीज आल्यावर फोटो जोडायला बसलो. जोड सुरेख जुळले. आबा तीन ठिकाणी होते, तिन्हीकडं फेटा बांधून, खुर्चीवर. काहिलीपाशी वाफ होती आणि वाफेतून पलीकडची भिंत दिसत होती. माणूस नव्हता. मी उजेड कमी केला, वाढवला, स्क्रीनला नाक लावलं. कॅमेरा जसा फिरत होता तसे आण्णाही माझ्या पाठीशी फिरत होते, माझं काम नीट व्हावं म्हणून लोकांना मागं सारत. आवाज माझ्या कानाला लागून येत होता आणि माणूस वाफेत आहे असं मला वाटत होतं.

मोटारसायकल काढून तसाच गुऱ्हाळावर गेलो. चुलवाण विझलं होतं. गडहिंग्लजकडचे लोक काहील विकत घेऊन ट्रॉलीत चढवत होते. आण्णा एका बाजूला हात मागं बांधून उभे होते. मी म्हटलं, "तिथं उभं राहा, एक फोटो काढतो." ते म्हणाले, "आता कशाला? मोकळ्या जागंत काय उभं ऱ्हायाचं?" मी कॅमेरा परत पिशवीत घातला.

फोटो मी त्या उपक्रमाला पाठवून दिला. मुदत संपत आली होती आणि दुसरं पाठवण्यासारखं काही नव्हतं. परदेशातनं कौतुकाचे दोन-चार मेल आले. एकानं विचारलं होतं, फेटा बांधलेले ते भारदस्त गृहस्थ या जागेचे मालक का? काय उत्तर देणार, कपाळ?

पावसाळा सरला. मंगल कार्यालयाचा स्लॅब टाकून झाला. एके दिवशी बाजाराला आलेले आण्णा स्टुडिओत शिरले, टोपी मांडीवर ठेवून बसले आणि म्हणाले, "दाव बघू ते गुऱ्हाळ."

दाखवलं. मी माऊस सरकवत होतो आणि ते पुढं वाकून बघत होते. चरक बघून मान हलवली. चिपाडांचा ढीग बघून म्हणाले, "वल्ली हुती जरा." काहील आली तशी हातानं थांब म्हणाले. मग त्या वाफेजवळ अगदी नाक नेलं.

"मी कुठं हाय रं?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. वाफेत बोट दाखवून 'हे काय' म्हटलं असतं, तर त्यांनी मानलंही असतं. पण ते माझ्या तोंडाकडं बघत होते.

"तुम्ही माझ्या मागं होता, आण्णा."

त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"मग मागं फिरीव की."

मी फिरवलं. मागं आबा बसले होते.