वर न जाणारे नकाशे

आपोआप होणाऱ्या गोष्टींवर प्रतापरावांचा काडीचा विश्वास नव्हता. टेलिफोन खात्यात बावीस वर्षं तारा ओढल्या, तिथं काही आपोआप होत नसे. मग खाजगी कंपन्या आल्या, ते खात्यातून बाहेर पडले आणि हैदराबादेत नल्लकुंट्यातल्या एका इंटरनेटवाल्याकडे लागले. पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा गच्च्या चढणं आलं. इमारतीइमारतींत इंटरनेट वाटणाऱ्या स्विचच्या दोन पेट्या आपला वेग आणि एकदम बोलायचं की आळीपाळीनं, हे आपसात जुळवून घेतात, ही सोय ते आधी बंद करत आणि सगळं हातानं ठरवून वर चिठ्ठी लावत. माणूस सज्जन, पण हट्टी!

माधवीकडे ते महिन्यात पाचव्यांदा आले होते. ती घरी बसून एका कंपनीसाठी नकाशे काढायची. कच्चे नकाशे इंटरनेटवरून भराभर उतरत, पण काढलेले पाठवायला गेलं की मधेच अडकत. प्रतापराव दर वेळी एक मोठी फाईल उतरवून बघत. ती सुरेख उतरे. मग तिच्या कॉम्प्युटरवर खापर फोडून ते पाय काढता घेत. मागच्या खेपेला तर वैतागून म्हणाले होते, "तुला नीट पाठवता येत नसेल."

"काका, परेशान झाले बघा मी," माधवी म्हणाली. "आज चारपर्यंत नाही गेलं तर उद्यापासून सिकंदराबादच्या ऑफिसात या म्हणालेत. आत्याबाईंना टाकून कशी जाऊ?"

आत खाटेवर तिच्या सासूबाई अर्धांगानं पडून होत्या.

"अगं, इमारतीत बाकीच्यांचं तर बरं चाललंय."

"ते सिनेमे उतरवतात, काका. पाठवतंय कोण?"

हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ते जिन्याखालच्या पेटीपाशी गेले. दोन्हीकडून एकदम ये-जा चालू असली की जो दिवा लागतो, तो विझलेला होता. म्हणजे ही पेटी आळीपाळीनं बोलत होती, तारेच्या पलीकडची समोरची थांबायला तयार नव्हती, आणि इथून जाणारं सगळं वाटेत तुटत होतं.

समोरची पेटी पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर. गुडघे धरत ते तीन जिने चढले. झाकण उघडलं तर आत चिठ्ठी, त्यांच्याच अक्षरातली: 'हात लावू नये. प्रतापराव.' इथलं टोक हातानं ठरवलं होतं. जिन्याखालचं जेवून आल्यावर करू म्हणून राहून गेलं होतं. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली. लॅपटॉप जोडून त्यांनी ती जुळवून घेण्याची सोय पुन्हा चालू केली आणि चिठ्ठी फाडून खिशात घातली.

साडेतीनला शेवटचा नकाशा गेला. माधवीनं त्यांच्यापुढे चहा ठेवला. "तुम्ही होतात म्हणून, काका!"

चहा तसाच राहिला. "तुझ्या कॉम्प्युटरला काही झालं नव्हतं," ते म्हणाले. "चूक माझी होती. महिनाभर."



"तुम्ही म्हणालात ना, मला येत नाही," ती हळूच म्हणाली. "मी ते खरंच मानलं होतं, काका."