एक एकर, तीन घरं

कुवेतमध्ये आम्हा परदेशी माणसांना जमीन घेता येत नसे. म्हणून की काय, आमच्या शुक्रवारच्या गप्पांत जमिनीशिवाय दुसरा विषयच नसायचा! एकाने प्लॉटचं नाव काढलं की दुसऱ्याला काही आठवायचं, आणि असं करता करता किश्शांचा एवढा ढीग झाला की आता कुठून सुरुवात करावी, कळत नाही.

फिंतासच्या एकाच बिल्डिंगमध्ये आम्ही तीन घरं. पुण्याचे जोशीसाहेब, रिफायनरीत इंजिनिअर, आणि त्यांच्या वंदनावहिनी. रत्नागिरीकडचे इक्बालभाई, त्यांचं कापडाचं दुकान, आणि हमीदाभाभी. तिसरे आम्ही. आमचे हे शुऐबाच्या प्लांटमध्ये टेक्निशियन. नव्वद साली लढाई झाली तेव्हा सगळे एकदा विखुरलो होतो. कोण कुठे आहे हे महिनोन्महिने कळलं नव्हतं. ती धास्ती माझ्या मनातून कधी गेली नाही. इथलं काम संपलं की जो तो आपल्या गावी जाणार, मग कोण कुणाला विचारतंय?

अशात दापोलीहून इक्बालभाईंच्या भावाचा फोन आला. एक एकर विकाऊ आहे. तिघांनी मिळून घ्या, शेजारी शेजारी घरं बांधा. मला तर रात्रभर झोप लागली नाही!

*

पहिल्याच शुक्रवारी भांडण.

जोशीसाहेब म्हणाले, "एकर म्हणजे चार हजार सत्तेचाळीस स्क्वेअर मीटर."

इक्बालभाई म्हणाले, "छे, छे! भाऊ चाळीस गुंठे बोललाय."

आमचे हे म्हणाले, "दोघंही थांबा. त्रेचाळीस हजार पाचशे साठ स्क्वेअर फूट. मी लहानपणी पाठ केलंय."

तिघांपैकी कुणी मागे हटेना. चहा गार झाला. जोशीसाहेब कॅल्क्युलेटर आणायला आत गेले तेव्हा वंदनावहिनी मला म्हणाल्या, "तिघांनी तीन जमिनी घेतल्या की काय गं? मला तर एकच सांगितली होती!"

*

जोशींची मृणाल तेव्हा सातवी-आठवीत. शाळेत जुन्या इंग्रजी मापांचा प्रोजेक्ट होता. चाळीस पर्चचा एक रूड, चार रूडचा एक एकर. पर्च म्हणजे जमीन मोजायची लांब काठी, आणि त्या काठीएवढा चौकोनही, हे तिनेच आम्हाला सांगितलं.

जोशीसाहेबांनी लगेच हिशेब केला. "म्हणजे इक्बालभाई, तुमच्या एका गुंठ्यात चार पर्च बसतात!"

"साहेब, मग सरळ काठी म्हणा ना," इक्बालभाई म्हणाले. "पर्च म्हटल्यावर जमीन काय वाढणार आहे?"

मृणालच्या पुस्तकात असंही होतं की बैलांची एक जोडी दिवसभरात जेवढं नांगरते, तेवढा एक एकर. तिने डोळे मोठे करून विचारलं, "अंकल, रिअली? इन वन डे?"

इक्बालभाई गंभीरपणे म्हणाले, "बेटा, ते इंग्रजांचे बैल. माझ्या बापाचे असते तर आठवडा धर!"

*

गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद. पण हे ऐकून डोळ्यांसमोर काही उभं राहीना. मग एका सकाळी तिघं पुरुष टेप आणि खडू घेऊन खालच्या पार्किंगमध्ये गेले. आम्ही बायका बाल्कनीतून बघत होतो.

चौकोन आखून होतोय तोच बिल्डिंगचा हारिस, म्हणजे राखणदार, धावत आला. इजिप्तचा मिसरी माणूस, हिंदी मोडकीतोडकी.

"क्या करता, सदीक?" सदीक म्हणजे दोस्त.

आमच्या ह्यांना गंमत सुचली. "घर बनाता है."

हारिसने चौकोनाला एक फेरी मारली, रेघा नीट बघितल्या आणि काळजीने विचारलं, "मुदीर को बोला?"

मालकाला विचारलंय का, एवढीच त्याची शंका! घराला त्याची काही हरकत नव्हती.

संध्याकाळपर्यंत त्या चौकोनात सगळ्यांनी गाड्या लावल्या. वंदनावहिनी तेव्हापासून जमीन गाड्यांतच मोजायच्या. "आमच्या वाट्याला किती गाड्या येतील हो?"

*

ह्यांनी एकदा मला समजावलं, "गुंठ्याची एक बाजू अकरा वार."

मी म्हटलं, "म्हणजे दोन साड्या." ब्लाउजपीससकट साडेपाच वार धरली तर तेवढंच होतं. मला मॅट्रिकच्या पुढचं गणित येत नाही, पण साडी येते!

ह्यांनी पुढचा हिशेब केला आणि शुक्रवारी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "एकराच्या चारी बाजूंना मिळून पन्नासेक साड्या लागतील. तेव्हा कुंपणाचा खर्च धरू नका. ते हिच्या कपाटात तयार आहे!"

*

दापोलीला उत्तर द्यायची वेळ आली. पण अख्खा एकर केवढा दिसतो, हे काही कुणी बघितलं नव्हतं. थंडीत आम्ही अहमदीच्या पलीकडे वाळवंटात डबे घेऊन जायचो. त्या शुक्रवारी डब्यांबरोबर दोरी आणि खुंट्याही घेतल्या.

पुरुषांनी तासभर खपून एकर आखला. जोशीसाहेबांनी वाटे सांगितले. "प्रत्येकी तेरा पूर्णांक तीनतीनतीन गुंठे."

"तेरा गुंठे, सव्वापाच आणे," इक्बालभाई म्हणाले. गुंठ्याचे सोळा आणे, हे त्यांचं घरचं माप.

जोशीसाहेबांच्या नकाशात तीन घरं तीन कोपऱ्यांत होती. "प्रायव्हसी पाहिजे," ते म्हणाले. आम्ही तिघी आपापल्या कोपऱ्यात चटई टाकून बसलो. वारा सुटला होता. मी हमीदाभाभींना हाक मारली. ऐकू येत नाही म्हणून त्यांनी कानामागे हात धरला. पुन्हा मारली. त्यांनी लांबूनच हात हलवला, लोक विमानतळावर हलवतात तसा.

थोड्या वेळाने बघते तर भाभी चटई गुंडाळून, डबा काखेत धरून वाळूतून चालत येत होत्या. माझ्या चटईला लावून त्यांनी आपली टाकली.

"अगो, तुझा वाटा तिकडे!" इक्बालभाई ओरडले.

"घर तिकडेच बांधा," भाभी म्हणाल्या. "मी इथे असेन."

तिकडून वंदनावहिनीही चटई ओढत निघाल्या.

तिघी जवळ बसून डबे उघडले. ह्यांनी मुद्दाम टेप काढला आणि तिन्ही चटया मिळून मापल्या. "जोशीसाहेब, बहात्तर स्क्वेअर फूट!"

"म्हणजे गुंठ्यातला एक आणा," इक्बालभाई म्हणाले. "आणि वर चिमूटभर."

जोशीसाहेब दोरीचं टोक धरून मधोमध उभे होते. त्यांनी एकदा त्या रिकाम्या एकराकडे पाहिलं. मग दोरी खाली ठेवली, चटईच्या कडेला येऊन बूट काढले आणि म्हणाले,

"जरा सरका."